दरडीसमोरची वीस पानं

नाना गेले तो बुधवार होता. पहाटे साडेपाचला गेले. सहा वाजता ताम्हिणी घाटात दरड पडली. नानांची बहीण घाटाखाली होती आणि आम्ही घाटावर.

नाना म्हणजे माझे वडील. रस्त्याच्या गँगमध्ये मैलकुली म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. मैलकुलीच्या ताब्यात रस्त्याचा एक तुकडा असतो. त्या तुकड्यावरचे खड्डे त्याने बुजवायचे, गटारं त्याने उपसायची, कठड्याच्या दगडांना चुना त्याने मारायचा, आणि पावसाळ्यात डोंगर रस्त्यावर आला की तोही त्यानेच बाजूला करायचा. नानांचा तुकडा घाटमाथ्यावर, आमच्या गावापाशी सुरू व्हायचा आणि खाली तिसऱ्या मोठ्या वळणापर्यंत जायचा. पुण्याहून मुळशीमार्गे कोकणात उतरणारा हा रस्ता पुढे राष्ट्रीय महामार्ग झाला. ती बातमी मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "आपल्याला कुनी इचारलं न्हाई."

निवृत्तीनंतर त्यांनी एकच बदल केला. आधी ते सकाळी सातला घर सोडत, मग साडेसहाला सोडू लागले. हजेरी लावायची नाही म्हटल्यावर उगाच घरात कशाला थांबायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

तिसऱ्या वळणावर आमच्या शेजारणीची भज्यांची टपरी आहे. नाना तिथल्या बाकड्यावर बसत आणि खाली उतरणाऱ्या गाड्यांचा वास घेत. घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की लायनर जळल्याचा वास येतो. तो आला की नाना रस्त्याच्या मधे उभे राहून गाडी थांबवत.

"धा मिंटं थांबा. चाकं निवू द्या."

बावधन-बाणेरकडची माणसं काच दोन बोटं खाली करून म्हणत, "काका, भजी नकोत आम्हाला."

"भजी नगा खाऊ, पन थांबा."

ते थांबत, आणि एकदा थांबल्यावर भजी खात. शेजारणीला शेवटपर्यंत असंच वाटत होतं की ब्रेकचा वास ही नानांनी तिच्या टपरीसाठी काढलेली युक्ती आहे. एकदा पावसामुळे दिवसभर गिऱ्हाईक आलं नाही, तेव्हा ती नानांना म्हणाली, "नाना, आज कुनाचाच वास न्हाई का येत?" नाना तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

डोंगर बघणं हे त्यांचं खरं काम. दरड पडली की ती उचलायला जेसीबी येतो, तो कोणीही चालवतो. पण उचलण्याआधी एक प्रश्न असतो. पडायचं होतं ते सगळं पडलं का, की अजून वर काही आहे? हे नाना सांगत. कागदावर घाट उघडायचा अधिकार साहेबांचा होता, पण साहेब नानांना विचारत, आणि नाना डोंगराकडे बघत बसत. निवृत्तीनंतरही गँगची जीप त्यांना न्यायला यायची. डोंगर बोलतो, असं नाना म्हणायचे. मी त्यांच्या शेजारी बसून कितीतरी पावसाळे काढले. मला तो काही बोलल्याचं आठवत नाही.

याचं कारण मी वाचत असायची. मी सातवीत असताना आई गेली. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी नानांचा डबा घेऊन मी घाटात जात असे आणि जेवण झालं तरी तिथेच थांबत असे. घरी एकटीने काय करायचं? मी छत्री उघडून एका दगडावर बसून वाचायची, नाना शेजारी बसून डोंगर बघायचे. मधेच विचारायचे, "किती पानं झाली?"

"बारा."

"हं."

थोड्या वेळाने परत, "वीस झाली का?"

"झाली."

मग ते उठून आपल्या कामाला जात. जेमतेम चौथी शिकलेल्या माणसाला लेकीच्या वाचनाचं एवढं कौतुक आहे, याचं मला फार अप्रूप वाटे. पुढे मी पौडच्या एका शाळेत ग्रंथपाल झाले. वाचनदिनाला मुलांसमोर बोलायची वेळ आली तेव्हा मी हीच गोष्ट सांगितली. माझे वडील रोज पानं विचारायचे, म्हणून मी वाचायला लागले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनी पुढच्या पालकसभेत तीच गोष्ट पालकांना सांगितली आणि त्यांनीही रोज पानं विचारावीत असा आग्रह धरला.

तर त्या बुधवारी नाना गेले. आजारी नव्हते. चहा मागितला, मी आधण ठेवलं, आणि कप घेऊन बाहेर आले तेव्हा ते गेलेले होते.

आमच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. मी तिथे जाऊन आत्याला फोन केला. आत्या नानांहून चार वर्षांनी लहान. माणगावच्या बाजूला एका गावात दिलेली. पन्नास वर्षं तिकडे राहून तिची भाषा अर्धी तिकडची झाली होती आणि अर्धी इथलीच राहिली होती. कधी गेले, एवढंच तिने विचारलं. मग म्हणाली, "मी निघतेय. मी बघितल्याशिवाय माझ्या भावाला हलवायचं न्हाई. सांग समद्यांना."

मी सगळ्यांना सांगितलं. सगळे म्हणजे मुख्यतः तात्या. तात्या नानांचे थोरले चुलतभाऊ. गावात कोणीही गेलं की सरपणापासून खांदेकऱ्यांपर्यंत सगळं तेच बघतात, आणि कोणाच्याही जाण्यात त्यांना पहिली अडचण पावसाची दिसते.

"बहीन हाय, थांबलं पायजे, त्ये मला मान्य हाय," तात्या म्हणाले. "पन आत्ता उघडलाय. दुपारनं परत धरनार. लाकडं ताडपत्रीखाली हायेत, ताडपत्रीला तीन भोकं हायेत. दोन वाजेपातूर थांबतो. दोनच्या पुढं मी बी काय करू शकत न्हाई आन् लाकडं बी."

म्हणजे आत्याकडे दोन वाजेपर्यंत वेळ होता. तिच्या गावाहून निघून ती साडेअकरापर्यंत आमच्या घरी सहज पोहोचली असती. दरडीची बातमी तोवर आमच्यापर्यंत आलेली नव्हती.

बातमी दहा वाजता आली. गँगची जीप दारात थांबली. ड्रायव्हर उतरला. अंगणात माणसं बसलेली होती. पण आमच्याकडे माणसं बसलेली असणं नवीन नव्हतं, आणि त्याचं लक्षही नव्हतं.

"नाना हायेत का? तिसऱ्या वळनाखाली दरड आलीया. मुकादमानं बोलावलंय."

ओट्यावरून तात्यांनी त्याच्याकडे बघितलं. "हायेत. आत हायेत."

"निजलेत व्हय? उठवा की. डोंगर बघायचाय."

"त्ये आता उठायचे न्हाईत, बाबा."

"का? बरं न्हाई?"

तात्यांनी नुसती मान हलवली. ड्रायव्हरने एकदा अंगणाकडे बघितलं, एकदा दाराकडे, आणि मग त्याला कळलं. त्याने टोपी काढली, आत जाऊन नानांच्या पायावर डोकं ठेवलं, बाहेर येऊन ओट्याच्या कडेला बसला आणि डोळे पुसले. पाचेक मिनिटांनी तो खरोखरच्या काळजीने म्हणाला, "मंग आता घाट कुनी उघडायचा?"

मला एवढंच दिसत होतं की आत्या दरडीच्या पलीकडे असणार. मी चपला घातल्या, छत्री घेतली आणि म्हटलं, "मी येते. आत्याला घेऊन येते."

"दोन," तात्या म्हणाले.

दरड फार मोठी नव्हती. साधारण साठ फूट रस्त्यावर तांबडी माती, दगड आणि मुळासकट आलेली दोन झाडं. वरून येणारे दगड आत्ताच थांबले होते, जेसीबी बंद करून उभा होता. अलीकडे, पुण्याच्या बाजूने, गाड्यांची रांग लागली होती, आणि त्यांतली काही माणसं दरडीसमोर उभं राहून फोटो काढत होती. पलीकडे काळी छत्री आणि पांढरी पिशवी घेतलेली माझी आत्या उभी होती. मिनीडोअर रिक्षाने येऊन शेवटचा चढ ती चालत आली होती. मला बघितल्याबरोबर तिने छत्री वर केली.

गँगचे सध्याचे मुकादम नानांच्याच हाताखाली तयार झालेले. पन्नाशीचे, गळ्यात शिट्टी. ड्रायव्हरने उतरता उतरता त्यांना सांगितलं. ते थोडा वेळ डोंगराकडे बघत उभे राहिले. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ताई, आमचा आधार गेला." मी मान हलवली. मग ते म्हणाले, "तर आता सांगा. सोडायचं का?"

"मी काय सांगणार?"

"तुमी न्हाई तर कोन? नानांच्या बरूबर तुमी बसलाय. आमी माती वडत हुतो."

"मुकादम, मी वाचत बसायची. मी डोंगराकडे कधी बघितलंच नाही."

"त्येच तर," मुकादम म्हणाले. "तुमच्या वाचन्यावरच समदं हुतं."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि गँगमधल्या दोन बायकांनी मधे मधे दुरुस्त्या केल्या. नानांचा नियम असा होता. दरड थांबली की मशीन बंद करायचं, कोणी बोलायचं नाही. नाना डोंगराकडे बघणार. मी वीस पानं वाचणार. तेवढ्यात वरून एकही दगड आला नाही तर एकेका माणसाला सोडायचं, आणि मग मशीन चालू. दगड आला तर पानं पहिल्यापासून.

"नानांकडे घड्याळ होतं की," मी म्हटलं.

"हुतं. पन घड्याळाकडं बघाय लागल्यावर डोंगराकडं कोन बघनार?"

"आणि मी नसले म्हणजे?"

"मंग दोन घंटं थांबायचं. तुमी असलाव की घाट लौकर उघडायचा. ट्रकवाले इचारायचे, आज शाळा हाय का सुट्टी."

मी तिथल्या एका दगडावर बसले. पालकसभेत मुख्याध्यापकांनी जे सांगितलं ते मला आठवलं. त्याहून वाईट एक गोष्ट आठवली. नववी-दहावीच्या सुमारास मला निसर्गवर्णनांचा कंटाळा होता. नदी, संध्याकाळ, चांदणं आलं की मी सरळ पुढची पानं उलटत असे आणि नाना विचारतील तेव्हा तीही मोजून सांगत असे. त्या दोन वर्षांत कितीतरी ट्रक, कितीतरी एसटी आणि एक लग्नाचं वऱ्हाड मी न वाचलेल्या चांदण्यांवर या डोंगराखालून गेलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मुकादमांनाही सांगितलं नाही.

"पुस्तक काडा," मुकादम म्हणाले.

"पुस्तक नाही माझ्याकडे."

गँग माझ्याकडे बघत राहिली. वडील गेले त्या दिवशी घरातून निघताना कोण पुस्तक घेतं, हे त्यांना पटत होतं, पण माझ्याकडे पुस्तक नाही हे पटत नव्हतं. एक बाई म्हणाली, "पिशवीत बघा की." मी पिशवी आणलीच नव्हती.

मुकादम गाड्यांच्या रांगेत गेले. काचेवर टकटक करून विचारू लागले, "पुस्तक हाय का, पुस्तक?" पहिल्याने गाडीची कागदपत्रं काढून दिली आणि आपण वेगात नव्हतो असं सांगितलं. दुसऱ्याने मोबाइल पुढे केला, यात चारशे पुस्तकं आहेत म्हणाला. मुकादमांनी तो हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. "ह्यात पान कुटं संपतं?" असं विचारलं आणि परत दिला. सातव्या गाडीत पुण्याजवळच्या माणच्या कंपन्यांमध्ये काम करणारी दोन मुलं आणि एक मुलगी होती. समुद्रावर निघाली होती. मुलीकडे पुस्तक होतं. मुकादम ते शर्टाला पुसत घेऊन आले.

पुस्तक इंग्रजी होतं. वेळ वाया न घालवता माणसाने यशस्वी कसं व्हावं, असा त्याचा विषय होता.

"इंग्रजी हाय," मी म्हणायच्या आत एका बाईने सांगितलं.

गँगमध्ये चर्चा सुरू झाली.

"विंग्रजीला जास्त येळ लागतो. धा पानं धरा."

"ताईंना कशाला येळ लागतोय? त्या शिकल्याल्या हायेत. पंचवीस धरा."

"अक्षर बघ की किती मोठं हाय. आन् ह्ये पान निम्मं कोरंच हाय."

"कोरं धरायचं न्हाई," मुकादम म्हणाले. "नाना कोरं कधीच धरत नव्हते."

हे खरं होतं. लहानपणी नाना मला विचारायचे, "चित्राचं पान धरलंस का?" मी हो म्हटलं की म्हणायचे, "त्ये सोड. नुसतं अक्षराचं सांग." तेव्हा मला वाटायचं, त्यांना चित्रांचं वावडं आहे.

शेवटी वीसच पानं ठरली, कोरी वगळून. मुकादमांनी शिट्टी वाजवली. सगळे गप्प झाले. फोटो काढणाऱ्यांनाही गप्प केलं. परत भुरभुर सुरू झाली होती, मी छत्री उघडली आणि पहिलं पान काढलं.

पलीकडून आत्याचा आवाज आला. "काय चाललंय तिकडं?"

"थांबा जरा, आत्याबाई," मुकादम ओरडले. "ताई वाचत्यात."

"काय करतेय?"

"वाचत्यात. वीस पानं झाली की सोडतो."

पलीकडे छत्री या हातातून त्या हातात गेली. मग आत्या म्हणाली, "माझा भाऊ तिकडं पडलाय, मी हितं भिजतेय, नि ही वाचतेय?"

"बोलू नगा, दगडाचा आवाज येत न्हाई."

"तुझ्या डोक्यात हाय तो दगड."

एवढं बोलून ती गप्प बसली. गप्प बसावं लागतं हे तिलाही माहीत होतं. नानांची बहीण होती ती.

मी वाचू लागले. पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं की सकाळचा पहिला तास फक्त स्वतःसाठी ठेवावा, दिवसाचं यश त्यावर ठरतं. मी ते वाक्य चारदा वाचलं. प्रत्येक वेळी मला आधणाचं भांडं दिसत होतं. मग लक्षात आलं की एकच वाक्य चारदा वाचलं तर पानं लांबतात, आणि आत्याकडे दोनच वाजेपर्यंत वेळ आहे. मी पुढे गेले. जितक्या वेगाने एरवी वाचते तितक्याच वेगाने वाचायचं असं ठरवलं, आणि तसं ठरवलं की माणसाला आपला वेग आठवत नाही हे तेव्हा कळलं.

"किती?" मुकादमांनी विचारलं. डोळे डोंगरावर.

"सहा."

"हं."

तो हुंकार हुबेहूब नानांचा होता. मी पुस्तक जवळ धरलं.

तेराव्या पानावर दगड आला. नारळाएवढा असेल. उड्या मारत आला, आत्याच्या बाजूच्या गटारात पडला आणि तिथेच राहिला. रांगेतल्या लोकांनी "ओह" केलं. मुकादमांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "पहिल्यापासनं."

"माती पडो त्याच्यावर," आत्या म्हणाली. ते दगडाला होतं, मुकादमांना होतं की पुस्तकाला, कळलं नाही.

बारा वाजत आले होते. वीस पानांना माझा पाऊण तास जातो, घरी जायला जीपला पंचवीस मिनिटं. बसत होतं, पण आणखी एक दगड आला असता तर बसलं नसतं. मी पहिल्यापासून म्हणजे चौदाव्या पानापासून सुरू केलं. वाचलेलीच पानं परत वाचली तर लवकर होतात, असं एका बाईने हळूच सुचवलं होतं. ते मी मान्य केलं नाही.

त्या दुसऱ्या वीस पानांत काय होतं ते मला आजही सांगता येईल. इतकं नीट मी परीक्षेलाही कधी वाचलं नव्हतं. माणसाने नाही म्हणायला शिकावं. एका वेळी एकच काम करावं. मधे एक अख्खं पान पहाटेच्या सरोवराचं वर्णन होतं. असल्या पुस्तकात सरोवर कशाला लागतं ते लेखकालाच ठाऊक. मी ते ओळ न ओळ वाचलं.

बारावं पान झालं तेव्हा साडेबारा होत आले होते. मला चार पानं एकदम उलटता आली असती. मुकादम डोंगराकडे बघत होते, गँग डोंगराकडे बघत होती, आणि पानं मोजणारी मी एकटीच होते. पलीकडे आत्याने छत्री मिटवली होती. दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरून ती माझ्याकडे बघत होती. तिला भावाचं तोंड बघायचं होतं. चार पानं म्हणजे नऊ-दहा मिनिटं. माझा अंगठा त्या पानांच्या खाली गेलाही होता. मग मी अंगठा काढला आणि तेरावं पान वाचलं.

"किती?"

"वीस," मी शेवटी म्हटलं.

मुकादमांनी आणखी थोडं बघितलं. मग शिट्टी वाजवली. "आत्याबाई, या. मधनं या. डोंगराच्या अंगाला नगं, दरीच्या अंगाला नगं. थांबायचं न्हाई. बोलायचं न्हाई."

आत्या निघाली. सत्तरीची बाई, पण आयुष्यभर बांधावरून चाललेली. मातीवर पाय टाकत सरळ आली आणि बरोबर मध्यावर थांबली. तिची चप्पल चिखलात रुतली होती. ती वाकली.

"सोडा ती चप्पल," मुकादम ओरडले.

"नवी हाय."

"आत्याबाई, वर डोंगर हाय."

"डोंगर काय घालणार हाय का ती?" म्हणत तिने चप्पल उपसली, मातीवर दोनदा आपटली आणि हातात धरून आमच्याकडे आली. सगळी गँग एकदम खाली बसली. मी उठून पुढे झाले. आत्याने आधी मला नीट बघितलं, मग माझ्या हातातल्या पुस्तकाकडे.

"वाचलीस वीस पानं?"

"हो."

"नीट?"

"नीट."

"काय लिवलंय?"

"वेळ वाया घालवू नये, असं लिहिलंय."

"मंग चल की," आत्या म्हणाली.

पुस्तक मी त्या मुलीला परत दिलं. कोपऱ्याला तांबडी माती लागली होती. तिने विचारलं, "आवडलं?" मी म्हटलं, सरोवराचं पान चांगलं आहे.

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. तात्या अंगणात हातातल्या घड्याळाकडे बघत उभे होते आणि त्यांना थोडं वाईट वाटल्यासारखं दिसलं, कारण अजून अर्धा तास होता. आत्या कोणाशी न बोलता आत गेली. नानांच्या उशाशी बसली. त्यांच्या उपरण्याचा चुरगळलेला काठ तिने सरळ केला. बराच वेळ बघत राहिली. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "दादा, जगाचा रस्ता उघडलास. माझ्याच येळंला बंद केलास व्हय?"

बायका रडायला लागल्या. बौद्धाचार्यांनी वंदना सुरू केली. त्रिसरण झालं, पंचशील झालं. शेवटाकडे तात्या नाक वर करून इकडेतिकडे बघायला लागले आणि वंदना संपल्याबरोबर हळूच विचारलं, "कसला वास येतुया?"

"सुकट हाय," आत्या म्हणाली. "पिशवीत."

"आज?"

"कालच भरून ठेवली हुती. रविवारी येणार हुते मी. सकाळी हाताला लागली ती पिशवी उचलली. त्यालाच आणलीय, कुणा परक्याला न्हाई."

तात्यांनी पिशवी उचलून मागच्या पडवीत खुंटीला टांगली, आणि मग दिवसभर एक मांजर तिच्याखाली बसून राहिलं.

अग्नी दिल्यावर मी मागे वळले तर ओढ्याच्या बाजूने गँग येताना दिसली. सगळे चिखलाने भरलेले. मुकादम, बायका, जेसीबीचा चालकसुद्धा. मी मुकादमांना विचारलं, "घाटात कोण आहे?"

"कुनी न्हाई. दोन्हीकडनं दगड लावून आलोय."

"आणि गाड्या?"

"हायेत की उभ्या. भजी खात्यात."

त्या दिवशी घाट संध्याकाळी पाचला उघडला. कागदावर उशिराचं कारण दरड असं लिहिलेलं आहे.

आत्या पुण्यानुमोदनाच्या विधीपर्यंत राहिली. त्यानंतर घाट चार दिवस खरंच बंद होता, म्हणून राहिली. मग अवजड वाहनांना बंद होता. आत्या स्वतःला अवजड वाहनात धरत होती. तिच्या थोरल्या मुलाचा दर रविवारी फोन यायचा. ती पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून सांगायची, "कशी येऊ रे? घाट बंद हाय." दिवाळी आली. दारावरून कोकणात जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली, हॉर्नचा आवाज फोनमध्ये जात असणार. आत्या एका कानात बोट घालून सांगत होती, "अजून बंदच हाय, बाबा. कवा उघडतोय कुणास ठाऊक."

पुढच्या उन्हाळ्यात तिचा मुलगा स्वतःच गाडी घेऊन आला. घाट चढून आला, तरी आत्याने त्याला विचारलं, "रस्ता कसा हाय?" त्याने आमच्या दोघींकडे बघितलं. जेवला, दुपारी झोपला. जाताना तिचे राहिलेले कपडे आणि औषधं त्याने गाडीतून काढून ओट्यावर ठेवली. आधीच घेऊन आला होता तो.

"रस्ता चांगला न्हाई, आये," तो म्हणाला. "तू हितंच ऱ्हा."

आता डोंगराला लोखंडी जाळ्या लावल्या आहेत. मुकादम निवृत्त झाले. त्यांच्या जागी नवीन मुकादम नेमलेला नाही. घाट चालू आहे. आत्या आमच्या घरी आहे. घरात आम्ही दोघी आहोत.